काळं घालायचं आहे, पण सोंग वाटायला नको

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी वीस वर्षांची, मूळची सांगलीकडची, कोथरूडला मावशीकडे राहून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गॉथ (काळ्या कपड्यांची, भुताटकी छापाची पाश्चात्त्य फॅशन) आणि हाराजुकू (टोकियोतला रस्त्यावरच्या फॅशनचा भाग) यांचे फोटो पाहून सहा महिन्यांत ४,२०० रुपयांची ऑनलाइन खरेदी केली: जाळीचा स्कर्ट, कंबर आवळणारं कॉर्सेट, रेक्झिनसारखं जॅकेट, कवट्यांच्या साखळ्या, गळ्याला घट्ट बसणारा "ट्रायबल चोकर". सगळं अंगावर चढवलं की गॅदरिंगला निघाल्यासारखं वाटतं. मावशी म्हणते, "सुतकात असल्यासारखी काय फिरतेस?" महिन्याला हजारभर रुपये हातात राहतात. स्वतःची स्टाइल कशी सापडते, आणि पुण्यात ती निभते का, असं विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं नाटकांची वेशभूषा करते. एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या पोरांपासून सुरुवात झाली. नाटक नसतं तेव्हा लोकांचे जुने कपडे उसवून त्यांचं काहीतरी नवं करून देते. त्यामुळे तुझ्या प्रश्नात "गॅदरिंगला निघाल्यासारखं" हे शब्द वाचले आणि तिथेच थांबले. रंगमंचावरचा कपडा तास-दीड तासाचा. नटाला घाम आला तर विंगेत कोणी वारा घालतं, चेन अडकली तर सेफ्टी पिन घेऊन मी उभी असते, आणि प्रेक्षक वीस फुटांवर. त्याला मी सोंग म्हणते. तुच्छतेने नव्हे, माझं घर त्यावर चालतं. पेहरावाचं गणित निराळं. पेहराव घालून पीएमटीचा दांडा धरायला हात वर गेला पाहिजे, स्कूटीवर टांग टाकता आली पाहिजे, मेसमधली आमटी सांडली तर रात्री धुऊन सकाळी घालता आलं पाहिजे. तू आणलेल्या वस्तू वाईट नाहीत. त्या सोंगाच्या आहेत, आणि तू त्या एकदम सगळ्या, पेहराव म्हणून घालते आहेस.

म्हणून पहिलं काम. त्यातली एकच वस्तू निवड आणि ती तुझ्या नेहमीच्या कपड्यांबरोबर पंधरा दिवस घाल. प्रॅक्टिकलला घाल, मंडईत भाजी आणायला जाताना घाल, कंटाळवाण्या दिवशी तर नक्की घाल. वहीत रोज दोन ओळी लिही: कुठे ओढावं लागलं, कुठे सावरावं लागलं, कुठे विसरूनच गेलीस की हे अंगावर आहे. विसरायला झालेली वस्तू तुझी. बाकीची एक तर तुझ्या मापाची नाही किंवा तुझी नाही, आणि या दोन्हींत फार मोठा फरक आहे. माप दुरुस्त करता येतं.

फोटोंबद्दल एक सांगते. तुला फोटोत जे दिसतं तो शेवटचा अंक असतो. आधीचे अंक कुणी दाखवत नाही. लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरचं दुकान डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि तिचा जोडीदार माल्कम मॅक्लॅरेन यांनी १९७१ मध्ये चालवायला घेतलं, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याचं नाव, पाटी, माल सगळं अनेकदा बदललं. पंक, म्हणजे फाटक्या कपड्यांची ती बंडखोर फॅशन, तिथे तयार माल म्हणून उतरला नव्हता. बाहेरची पोरं तर फाटलेले शर्ट सेफ्टी पिनांनी जोडून फिरत होती, कारण पिना घरात होत्या. गॉथ म्हणून ज्याला आज तू ओळखतेस त्यालाही १९८२ मध्ये लंडनच्या सोहोत सुरू झालेल्या बॅटकेव्ह क्लबसारख्या ठिकाणी आकार आला. फाटक्या जाळीचे मोजे हातात चढवायची कल्पना अशाच काटकसरीतली. टोकियोच्या हाराजुकूत शोइची आओकी १९९७ पासून २०१७ पर्यंत 'फ्रूट्स' मासिकासाठी रस्त्यावरच्या पोरांचे फोटो काढत होते. त्या फोटोंत आजीचा किमोनो, शाळेचा गणवेश आणि खेळण्यातल्या क्लिपा एकाच अंगावर दिसतात. या सगळ्यांनी हाताशी होतं त्याला कात्री लावली. आता तोच पेहराव पाकिटात बंद होऊन, एस-एम-एल मापात, तुझ्या दारात येतो. त्यांच्याकडून घ्यायची असेल तर कात्री घे. साखळ्या राहू देत.

आणि रस्त्यावरची फॅशन फक्त टोकियोत असते असं समजू नकोस. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळलेली, कोपरापर्यंत हातमोजे आणि वर सनकोट चढवून स्कूटीवरून सुसाट जाणारी पुण्याची मुलगी ही काय साधी गोष्ट आहे? ऊन आणि धूळ यांतून जन्मलेला हा पेहराव कुठल्याही डिझायनरला सुचला नसता. परदेशातून आलेले माझे नाटकवाले पाहुणे सिग्नलला थांबून त्यांच्याकडे बघत राहतात. आपल्याला तो रोजचा, म्हणून दिसत नाही.

आता काळ्याकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे चालली आहे असं दिसतं.

मावशी "सुतकी" म्हणते, तेव्हा ती कुठल्या घरचं सांगते आहे? काळा म्हणजे शोकाचा रंग हा मुळात युरोपातला हिशेब. नवरा १८६१ मध्ये गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने काळं घातलं ते १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत. तिच्यामुळे शोकाच्या काळ्या दागिन्यांचीही चाल पडली, इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या काळ्या जेट दगडाला त्या काळात मोठी मागणी होती. गॉथने हा सगळा ऐवज तिथूनच उचलला. आपल्याकडे प्रेताला पांढरं कापड. पुण्यातल्या वाड्यांत केशवपन केलेल्या विधवा तांबडं आलवण नेसत. काळं मात्र सवाष्णीच्या गळ्यात: काळी पोत. बाळाच्या गालाला काळी तीट, मनगटाला काळा दोरा. धनगराची घोंगडी काळी. पंढरपूरचा विठोबा काळा. आणि संक्रांतीला तर नव्या सुनेला मुद्दाम काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. चंद्रकळा म्हणजे काळंच लुगडं, आणि तिचं कौतुक करता करता आमच्या आज्या थकल्या नाहीत. मान्य, मंगलकार्यात काळं टाळतात, आणि मावशीच्या मुलीच्या साखरपुड्याला तू काळं घालून भांडण काढावंस असं मी म्हणणार नाही. पण काळं परकं आहे असं कुणी सांगितलं तर मला हसू येतं.

याचा कपड्याशी संबंध असा की तुला हवं ते काळं इथेच आहे, आणि ते तुझ्या पॉलिएस्टरच्या काळ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. काळी इरकल बघ. लाल काठ, टोपी पदर, सुताचं अंग. काळा खण बघ. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, म्हणून जॅकेट शिवायचं तर जोड द्यावे लागतात. ते लपवायला जाऊ नकोस, काठ जोडावर आण, सुंदर दिसतात. परकर-पोलकं आठव: वर अंगाबरोबर बसलेलं पोलकं, खाली चुण्यांचा घेर. हाराजुकूतल्या लोलिता फॅशनची, म्हणजे बाहुलीसारख्या घेरदार फ्रॉकची, बाह्यरेषा याहून फार वेगळी नाही. तुझी आजी आठ वर्षांची असताना ती रेषा घालून खेळत होती.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगायला हवी. मी बावीस-तेवीस वर्षांची असताना आईची चंद्रकळा ट्रंकेतून काढली, न विचारता कापली आणि तिचा पायघोळ कोट शिवला. कोट बरा झाला होता. आई पंधरा दिवस बोलली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. उरलेले तुकडे तिने गोळा करून गोधडीत घातले आणि ती गोधडी कित्येक वर्षं मला पांघरायला दिली नाही. तेव्हापासून माझ्याकडे कुणी जुनी साडी घेऊन आलं की मी आधी विचारते, ही कुणाची, आणि त्यांना माहीत आहे का. माहीत नसेल तर कात्री उचलत नाही. बोहारणीला जाणार असलेल्या कपड्यांच्या गाठोड्यातून मात्र खुशाल उचल. एका पातेल्याच्या बदल्यात घरातून काय काय गेलं आहे याची यादी केली तर रडू येईल.

रंगापेक्षा रेषा महत्त्वाची, हे मला पटायला दहा वर्षं लागली. तुला आवडलेले तीस फोटो काढ, फोनमध्ये त्यांचा रंग घालव आणि डोळे किलकिले करून बघ. आता कवट्या, लिपस्टिक, केस काही दिसणार नाही, फक्त आकृती दिसेल. खांदे मोठे आणि कंबर बारीक आहे का? की वरपासून खालपर्यंत सैल, अंग लपवणारं? लांबी पोटरीवर थांबते की घोट्यावर? तीसपैकी वीस फोटोंत जे पुन्हा पुन्हा दिसेल ते तुझ्या डोळ्याला आवडतं. रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो या जपानी डिझायनरांनी १९८१ मध्ये पॅरिसला जे काळे, ढगळ, मुद्दाम भोकं पडल्यासारखे कपडे दाखवायला सुरुवात केली त्यावर तिथल्या समीक्षकांनी तोंडं वाकडी केली होती. अंगाच्या वळणांना चिकटून न बसणारा कपडाही देखणा असतो हे त्यांना पचत नव्हतं. माझ्याकडे गॉथ हवं म्हणून आलेल्या निम्म्याहून जास्त मुलींना खरं तर हे ढगळ काळं हवं असतं, आणि त्या उगाच कॉर्सेटमध्ये श्वास कोंडून घेत असतात. एक मुलगा आला होता, त्याला लांब घेराचा अंगरखा हवा होता, पण तो शब्द माहीत नसल्याने तीन महिने परदेशी कोट शोधत होता.

आता टेलर. हजार रुपयांत तू जे करू शकतेस त्यातलं सगळ्यात फायद्याचं म्हणजे गल्लीतला एक टेलर धरणं. नवं शिवून घ्यायला नको, आल्टर करून घ्यायला. पण त्याला फोनवरचा फोटो दाखवू नकोस. तो मान डोलावेल आणि पंजाबी ड्रेस शिवून देईल. त्याची चूक नाही, रोज तेच शिवतो. अंगाला नीट बसणारा एक कपडा नमुना म्हणून घेऊन जा आणि फरक शब्दांत सांग: बाही इतकी लांब, घेर इतका जास्त, गळा बंद. नवीन काही शिवायचं असेल तर आधी मांजरपाटात, म्हणजे कोऱ्या सुती कापडात, शिवून घे. स्वस्त असतं, चुकलं तर पुसायला होतं. आणि दोन्ही बाजूंना एक इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडायला सांग. तू वीस वर्षांची आहेस, अंग बदलणार आहे. माया असली की कपडा तुझ्याबरोबर बदलतो, नसली की बोहारणीकडे जातो. दिवाळीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई टाळ. त्या काळात टेलर देवाचंही ऐकत नाही.

मुंढा म्हणजे बाही जिथे धडाला जोडतात ती जागा, त्याबद्दल मला थोडं जास्त बोलू दे, कारण रेडिमेड कपड्यांची मुख्य खोड तिथे असते. हात वर केला की सगळा कुर्ता वर येतो, पोट उघडं पडतं, म्हणून आपण म्हणतो मुंढा घट्ट आहे, मोठा करा. उलट आहे. मुंढा खाली उतरलेला असतो. काखेपासून तो जितका खाली, तितकी बाही धडाला बांधलेली, हात उचलला की धड ओढलं जातं. मुंढा काखेजवळ वर घेतला आणि बाहीचा माथा नीट बसवला की हात मोकळा हलतो आणि कपडा जागेवर राहतो. नाचणाऱ्या नटांचे अंगरखे मी असेच करते. पण मुंढा वर घ्यायला कापड लागतं, कापून झालेल्या कपड्यात ते नसतं. काखेत चौकोनी तुकडा घालावा लागतो, त्याला आम्ही बगल म्हणतो. जुन्या अंगरख्यांत तो असायचाच. तुझ्या जॅकेटचा त्रास बहुतेक हाच असणार.

जॅकेटचं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. रेक्झिनसारखं दिसतं, पण ते पीयूचं (प्लॅस्टिकचा थर दिलेलं) असेल तर त्याचा वरचा थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू विरघळत जातो आणि तीन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. कपाटात जपून ठेवलंस तरी सुटतात. म्हणून घालून टाक, जपू नकोस. मे महिन्यात ते अंगावर चढवायचा हट्ट करू नकोस, एवढंच.

कापड ओळखायची एक युक्ती. आतल्या शिवणीतला दोरा काढून चिमट्यात धर आणि पेटव. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला म्हणजे पॉलिएस्टर. हे कळलं पाहिजे, कारण जुने कपडे काळे रंगवून घ्यायची कल्पना तुझ्या डोक्यात कधी तरी येणारच. सुती कपडा रंगाऱ्याकडे छान काळा होतो. पॉलिएस्टरवर सुताचा रंग बसत नाही. त्याचा रंग वेगळा, आणि कारखान्यात त्याला दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवतात. तुझा जाळीचा स्कर्ट घरच्या पातेल्यात काही बदलणार नाही. दुसरं, कपडा सुती असला तरी शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो जुन्या रंगाचाच राहतो. म्हणजे पांढरा शर्ट काळा केलास की टीप पांढरी दिसेल. मला ते आवडतं. तुला आवडत नसेल तर आधीच माहीत असू दे.

काळं कापड धुताना उलटं करून, गार पाण्यात, सावलीत वाळव. गच्चीवरच्या उन्हात आठ दिवसांत ते तपकिरी व्हायला लागतं. मिठाच्या पाण्यात बुडवायचा घरगुती उपाय सगळे सांगतात. कारखान्यात रंगलेल्या आजच्या कापडावर त्याचा उपयोग झालेला मी कधी पाहिला नाही.

खरेदीसाठी तुळशीबाग, हाँगकाँग लेन हे तुला माहीतच असेल. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटला २०२१ च्या मार्चमध्ये आग लागून शेकडो स्टॉल जळाले, पण काळे टी-शर्ट आणि पट्टे अजून तिकडेच मिळतात. मी मात्र तुला रविवार पेठेत पाठवेन. बटणं, लेस, मणी, चामड्याच्या पट्ट्या, बकलं, चेन. दुकानदाराला "फॅशनसाठी" सांगू नकोस, "बॅगला लावायचंय" सांग, तो लगेच दहा नमुने काढतो. कपड्याला आयलेट (दोरी ओवायची धातूची भोकं) बसवायचे असतील तर फ्लेक्स छापणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे मशीन असतं आणि पाच मिनिटांचं काम असतं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुन्या किल्ल्या, कुलपं, घड्याळांचे सांगाडे मिळतात. कवटीची साखळी हजार मुलींकडे असते. वाड्याच्या कुलपाची गंजलेली किल्ली काळ्या दोऱ्यात अडकवलीस तर ती कुणाकडे नसेल. बुटांसाठी एनसीसीचे काळे बूट बघ. दणकट असतात, दुरुस्त होतात, परेडवाल्या बुटांना विद्रोही दिसण्याची सवय जगभर आहे.

दागिन्यांत एक सावधगिरी. "जर्मन सिल्व्हर" म्हणून जे मिळतं त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने अनेकांच्या कानाला, मानेला खाज सुटते. आतल्या बाजूने रंगहीन नेलपॉलिशचा हात दिला की काही दिवस निभतं, मग पुन्हा द्यावा लागतो.

कान टोचायचा विचार असेल तर पाळीचं भोक सहा-आठ आठवड्यांत भरतं, वरच्या कुर्चेचं सहा महिने ते वर्ष घेतं. तिथे पिस्तुलाने टोचून घेऊ नकोस, सुईने टोचणाऱ्याकडे जा. आणि कुणी नाक मुरडलं तर ढोलपथकातल्या मुलांच्या कानाकडे बोट दाखव. भिकबाळी त्याच वरच्या भागात असते. मुलाच्या कानातली ती परंपरा आणि तुझ्या कानातली तीच गोष्ट थेरं, असं कसं?

याच जागी मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. तुझ्या यादीत "ट्रायबल चोकर" आहे. जड, पांढऱ्या धातूचा, गळा भरून. आपल्या राज्यात कुणी कसं नेसायचं, कुठला धातू घालायचा हे शतकानुशतकं जात ठरवत आली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की लुगडं नेसायची पद्धत बदला, गळाभर आणि हातभर कथलाचे, चांदीचे दागिने सोडा, कारण त्यावरून लोक तुमची जात ओळखतात. त्या बायकांनी ते सोडलं. त्यांच्यासाठी वेगळं दिसणं ही सक्ती होती आणि चारचौघांसारखं दिसणं हे बंड. तुझ्या-माझ्यासाठी उलट आहे, कारण संध्याकाळी आपण चोकर काढून ठेवू शकतो. घालू नकोस असं मी म्हणत नाही. फक्त नाटकात मी पात्राच्या गळ्यात काही घालते तेव्हा ते कुणाच्या गळ्यातून आलं हे विचारते, तसं तूही विचार. उत्तर ऐकून काही वस्तू आपोआप खाली ठेवाव्याशा वाटतात.

मेकअप आणि केसांवर मी फार बोलणार नाही, माझा प्रांत नाही. ब्लीच करायच्या अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे थेंब लावून बघ. काळ्या मेंदीत मिसळलेल्या रसायनाने भाजलेले हात मी पाहिले आहेत. हेल्मेटखाली टिकेल एवढीच केशरचना कर.

मावशीचं काय? भांडू नकोस, आणि लपवूही नकोस. पिशवीत कपडे भरून कॉलेजच्या बाथरूममध्ये बदलणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटतात. त्यात कपडा कायम सोंगच राहतो, कारण घरात तो कधी घातलेलाच नसतो. घरातच घाल. भांडी घासताना, मावशीबरोबर मालिका बघताना. चौथ्या दिवशी ती "इस्त्री तरी कर" म्हणेल. तेव्हा समज की काम झालं; तिचा आक्षेप रंगावरून चुरगळण्यावर आला. आणि तिच्याकडून काहीतरी शीक. धावदोरा येत असेल तिला. गोधडीचा धावदोरा काळ्या जॅकेटवर पांढऱ्या दोऱ्याने घातलास तर जपानी बोरोशी त्याचं थेट नातं लागतं; तिकडेही गरीब शेतकऱ्यांनी निळ्या चिंध्यांना ठिगळं जोडून तसेच टाके घातले होते, आज ते संग्रहालयात आहेत.

प्लेसमेंटच्या मुलाखतीची धास्ती तू शेवटच्या ओळीत लिहिली आहेस. तिथे रंग आणि लोखंड घरी ठेव, रेषा घेऊन जा. बंद गळ्याचा पांढरा सुती शर्ट, उंच कमरेची काळी पँट, मुंढा नीट. तुझं तुला कळेल, त्यांना फक्त नीटनेटकं दिसेल.

राहता राहिली ती ४,२०० रुपयांची खरेदी. जाळीच्या स्कर्टचे वरचे दोन थर काढ, खालचा एक ठेव, तो गुडघ्याखाली येणाऱ्या सुती काळ्या कुर्त्याच्या आत घाल, कडेने चार बोटं दिसू दे. कॉर्सेटमधल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसल्यावर कंबरेशी दुमडत असणार. त्या काढून टाकल्यास त्याचं बरं जाकीट होतं, सैल शर्टावर घालता येतं. पुढे कधी खरं कॉर्सेट शिवायचं झालं तर ड्रिल नावाच्या जाड सुती कापडात शिव आणि पट्ट्यांऐवजी रुंद केबल टाय वापर, नाटकात मी तेच वापरते. साखळ्यांतली एक ठेव, बाकीच्या कुणाला तरी दे. आणि जानेवारीत संक्रांत येईल, तेव्हा मावशीच्या कपाटात काळी साडी आहे का ते विचार. असली तर तिच्याकडूनच नेसवून घे.